तिसरा बोल्ट

आवाज कुठून येतो हे गिऱ्हाईक कधीच बरोबर सांगत नाही. पुढून येतो म्हणालं की मी मागे बघायला लागतो. म्हणून मी त्यांना कुठून ते विचारतच नाही. कसा येतो ते तोंडाने करून दाखवा, म्हणतो. चांगली सुटाबुटातली माणसं माझ्या गॅरेजमध्ये उभी राहून 'घुर्रर्र' आणि 'किर्रर्र' करतात, तेही बायकोच्या देखत. मला त्यात मजा येते हे मी नाकारत नाही, पण निम्मं निदान तिथेच होतं.

दाजींनी 'टक' केलं. एकदाच. मग थांबले, मनात काहीतरी मोजलं, आणि पुन्हा 'टक' केलं.

"मधे काही नाही?" मी विचारलं.

"मधे काही नाही. शहाण्यासारखी चालते. मग टक."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आजारातून उठलेली माणसं महिना-दोन महिने हवापालटाला येतात अशा एका टेकडीवरच्या आरोग्यधामाचं आवार ते सव्वीस वर्षं राखत होते. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत ताईचा आणि त्यांचा संसार. आवारात केवढी तरी हिरवळ आहे, आणि ती कापायला एक छोटा ट्रॅक्टर. पोटाखाली पाती, वर फाटकी गादी, पत्र्याचा मूळ रंग कुठला होता ते आता कुणालाच आठवत नाही. दाजी कामाला लागले तेव्हाच ते यंत्र जुनं होतं. दाजी त्याला 'म्हातारी' म्हणायचे आणि ताई 'माझी सवत'. दर रविवारी दाजी तिला पुसूनबिसून ठेवत, तेव्हा ताई खिडकीतून म्हणे, "कधी माझेही पाय चेपा हो."

शनिवारी सकाळी दाजी तिला टेम्पोत घालून माझ्याकडे घेऊन आले. मी आधी पात्यांचा बेल्ट काढला. पाती थांबली, पण आवाज होता तिथेच. म्हणजे पाती सुटली. मग क्लच दाबून धरला आणि इंजिन फुगवलं. आवाज नाही. म्हणजे इंजिनही सुटलं. राहिली गिअरची पेटी. मी स्वतः बसून गॅरेजसमोरच्या बोळात ट्रॅक्टर पुढे नेला. गिअरची घरघर होती, पण ती वयाची घरघर, तेवढी माझ्याही छातीत आहे. मग रिव्हर्स टाकला आणि पाच हात मागे आलो तोवर ऐकू आलं. टक.

मागचा भाग जॅकवर उचलून चाकं हवेत फिरवली तर ती गप्प. ओझं नसलं की सगळेच गोड बोलतात. म्हणून दाजींना गादीवर बसवलं, एका टायरवर खडूने पट्टा ओढला, आणि एक जाड फळी दोन्ही टायरांवर दाबून धरली, म्हणजे चाकांना जोर लावावा लागेल. रिव्हर्स टाका म्हणालो. दुसऱ्या हाताने लाकडी दांडा पेटीला टेकवून त्याचं टोक कानाला लावलं. खडूचा पट्टा खाली आला, टक. वर गेला, शांत. खाली आला, टक. मी वीस फेरे मोजले. वीस वेळा टक.

चाकाच्या एका फेऱ्याला एकच टक करील अशी वस्तू पेटीत एकच असते. आत एक मोठा गिअर असतो, त्याच्या दोन बाजूंनी दोन चाकांचे दांडे येऊन मिळतात, आणि तो सगळा गोळा चार लांब बोल्टांनी आवळलेला असतो. एखादा बोल्ट सैल होऊन बाहेर सरकला की मागे जाताना तो गोळा भिंतीकडे रेलतो आणि बोल्टाचं डोकं दर फेऱ्याला पेटीच्या भिंतीला घासून जातं. मी फळी खाली ठेवली आणि हात पुसले.

"पेटी फोडावी लागणार. तीन दिवस ठेवा," मी म्हणालो.

दाजी गादीवरून उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

"मंगळवारी विश्वस्त येणार आहेत," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. नवा व्यवस्थापक आला होता. बागेचं काम बाहेरच्या माणसांना द्यायचं त्याच्या मनात होतं. ते आपली यंत्रं आणतात, आठवड्यातून एकदा येतात, कापतात आणि जातात. त्यांना खोल्या द्याव्या लागत नाहीत. व्यवस्थापकाची खिडकी हिरवळीवरच उघडते. गेले आठ दिवस दाजी कापायला निघाले की तो खिडकीत येऊन उभा राही. परवा त्याने खाली येऊन विचारलंही, "काका, हे किती दिवस चालायचं?" ट्रॅक्टरबद्दल विचारलं की दाजींबद्दल, ते दाजींना कळलं नाही.

"मंगळवारी हिरवळ कापलेली दिसली आणि म्हातारीने तोंड उघडलं नाही, की यंदाचं वर्ष निघालं. पुढच्या वर्षी मी निवृत्तच होतोय. मग तुझ्या ताईला घेऊन कुठेही जाईन." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेवढा आवाज बंद कर, मिस्त्री. मंगळवारपर्यंत. बुधवारी पेटी फोड नाहीतर भंगारात घाल."

आता माझा स्वभाव सांगायला हवा. आवाज दाबणाऱ्या मिस्त्र्यांना मी उभ्या जन्मात चोर म्हणत आलोय. पेटीतलं ऑइल काढायचं, त्याच्या जागी डिंकासारखं जाड ऑइल आणि ग्रीस कालवून भरायचं, की आठ-पंधरा दिवस गिअर गुपचूप फिरतात. गाडी विकून माणूस मोकळा. याच कारणावरून मी माझ्या भागीदाराच्या अंगावर पाना फेकला होता आणि दुसऱ्या दिवशी वेगळं गॅरेज काढलं होतं. आजही कुणी आवाज बंद करून द्या म्हणालं की मी त्याला बोळाच्या तोंडापर्यंत पोचवून येतो, आणि ते काही प्रेमाने नाही.

पण दाजींनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आमचे वडील गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. दाजींनी मला दोन वर्षं घरात ठेवून घेतलं, मिस्त्रीकाम शिकायला पाठवलं, आणि त्याबद्दल नंतर कधी चुकूनही शब्द काढला नाही. त्या माणसाला नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. मला वाटलं, तीन बोल्ट शाबूत आहेत. सपाटीवर चार दिवस सहज निघतील. हिशोब चुकीचा नव्हता. निदान मला जेवढं माहीत होतं तेवढ्यावरून नव्हता.

मी पेटीचं खालचं बूच काढलं. ऑइल कसलं, काळा चिखल होता तो, लोळत लोळत खालच्या ट्रेमध्ये पडला. मी तो बघितलाही नाही. खरं तर ऑइल काढलं की मी पहिल्यांदा त्यात चुंबक फिरवतो, शिकाऊ पोरांना तेच पहिलं शिकवतो. त्या दिवशी मला ते काम लवकर उरकून हात धुवायचे होते. ट्रे पायाने कोपऱ्यात सरकवला, ऑइल-ग्रीसचा जाड काला पेटीत भरला आणि बूच लावलं.

दाजींनी रिव्हर्स टाकला. पूर्ण बोळ मागे गेले. घरघरही नाही. त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला स्वतःचा राग आला.

"तू हात लावलास की संपलंच," ते म्हणाले.

"संपलेलं नाही. फक्त ऐकू येत नाही. नीट ऐका, दाजी. सपाटीवरच चालवायचा. मागच्या उतारावर न्यायचा नाही."

"बरं."

"बरं नाही. कबूल करा."

"कबूल की रे बाबा. आता काय स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?"

का न्यायचा नाही, ते मी सांगितलं नाही. या जुन्या यंत्रांना ब्रेक चाकांवर नसतो, गिअरच्या पेटीतून बाहेर आलेल्या एका दांड्यावर असतो. ब्रेक त्या दांड्याला धरतो, दांडा मोठ्या गिअरला धरतो आणि गिअर चाकांना. मधला तो बोल्टांचा गोळा सुटला तर ब्रेक आपल्या जागी घट्ट बसलेला असतो आणि चाकं मोकळी. हे त्यांना सांगितलं असतं तर ते घाबरले असते, सपाटीवरही भीत भीत चालवलं असतं, आणि खिडकीतल्या माणसाला तेच हवं होतं. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आज वाटतं, मला त्यांचा खुललेला चेहरा पुन्हा उतरवायचा नव्हता, एवढंच.

रविवारी गॅरेज बंद असतं. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मी जुनं ऑइल डब्यात ओतायला तो ट्रे उचलला. वर ऑइल आणि खाली गाळ बसला होता. चाळणीतून ओतलं तेव्हा चाळणीत ठणकन काहीतरी पडलं. पाठोपाठ आणखी एक.

दोन बोल्टांची डोकी होती. मी ती पुसून उजेडात धरली. एक जिथे तुटलं होतं तिथे गुळगुळीत झालं होतं, कडा झिजून गोल झालेल्या. ते केव्हाच तुटलेलं, वर्षभर तरी पेटीच्या तळाशी लोळत असणार. दुसऱ्याची तूट खरखरीत होती आणि चमकत होती. ते गेल्या काही दिवसांतलं.

मी तिथेच स्टुलावर बसलो. टक करत होता तो पहिला बोल्ट नव्हताच. पहिला निमूटपणे गेला होता, दुसराही गेला होता. टक करत होता तो तिसरा. तो सैल होऊन भिंतीला डोकं घासत होता, म्हणून आवाज येत होता. तो तुटला असता तर आवाज आपोआप थांबला असता आणि तेवढ्यावरून तरी कुणाला काही कळलं असतं. आता मी वरून काला ओतला होता. तो आहे की गेला, हे कुणालाच कळायची सोय उरली नव्हती. सगळा ट्रॅक्टर एका बोल्टावर असेल नाहीतर दीड बोल्टावर.

दाजींना फोन लावला. वाजत राहिला. कापताना ते फोन अवजारांच्या खोलीत ठेवतात. मग ताईला लावला.

"अगं, दाजी कुठे आहेत?"

"कुठे असणार, सवतीबरोबर." ती मजेत होती. "काय जादू केलीस रे बारक्या? दोन दिवस माणूस नुसता उडतोय. पुढची हिरवळ कालच झाली. साहेब स्वतः म्हणाले, काका, आज गाडी चांगली चालतेय. मग म्हणाले, पाहुणे मागच्या बाजूनेही फिरणार आहेत, तेवढा उतार कापून टाका."

मी मोटरसायकलची किल्ली उचलली.

"ताई, त्यांना थांबव. आहेत तिथे थांबव. मी निघालोय."

"काय झालं?"

"काही नाही. थांबव फक्त. पळ."

ताईचे गुडघे धड असते तर ती पळाली असती. मी मोटरसायकल काढली. एरवी वीस मिनिटांचा रस्ता आहे. त्या दिवशी किती मिनिटांत गेलो ते ठाऊक नाही. एवढं आठवतं की सबंध रस्ताभर मी दाजींना शिव्या घालत होतो. कबूल केलं होतंत ना, म्हणत होतो. पण आतून मला ठाऊक होतं, की आवाज ऐकू येत असता तर ते उतारावर गेलेच नसते. यंत्राचं ते ऐकत. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणाचं ऐकलं असेल नसेल, यंत्राचं ऐकलं होतं. मी ते गप्प केलं आणि वर माझ्या शब्दावर विसंबायला सांगितलं.

मुख्य इमारतीला वळसा घालून मागे आलो तेव्हा जीव भांड्यात पडला. ताईने त्यांना थांबवलं होतं. ती वरच्या पायवाटेवर एका हाताने कठडा धरून धापा टाकत उभी होती. उताराच्या वरच्या टप्प्यात, खाली तोंड करून ट्रॅक्टर थांबलेला, वर दाजी बसलेले, पाय ब्रेकवर. उतार तिथून लांबवर खाली जातो आणि पाण्याच्या टाकीच्या दगडी भिंतीपाशी संपतो. अर्धा कापून झाला होता. कापलेल्या गवताचे पट्टे सरळ रेषेत होते.

"उतरा," मी लांबूनच ओरडलो. "दाजी, उतरा आधी."

त्यांना इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नसावं. त्यांनी कानामागे हात नेला, मग हसले आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"ऐक," ते म्हणाले. "आहे का कुठे काही? सकाळपासून सहा वेळा खाली गेलो. एकदासुद्धा नाही."

"दाजी, खाली उतरा."

"अरे, उतरू कसा? पाय काढला तर ही जाईल ना खाली. हँडब्रेक कुठे धड आहे हिचा." मग माझा चेहरा पाहून त्यांचं हसू कमी झालं. "काय झालं रे?"

"काही नाही. हलू नका. चाकापुढे दगड लावतो, मग उतरा."

मी आजूबाजूला दगड शोधला. दगड नव्हता. त्या उतारावर सुपारीएवढाही दगड नव्हता. पात्याला दगड लागला की पातं जातं, म्हणून सव्वीस वर्षं रोज सकाळी दाजींनी ती हिरवळ वेचून काढली होती. मी गुडघे टेकून गवतात हात फिरवत होतो आणि ते वरून मला बघत होते. त्यांना आता काहीतरी कळायला लागलं होतं. ते अगदी स्थिर बसले होते.

वर पायवाटेच्या कडेला फुलांच्या वाफ्याला विटा लावल्या होत्या. मी धावत वर गेलो. पहिली वीट मातीत घट्ट होती, निघेना. दुसरी निघाली. ताई माझ्या बाजूलाच उभी होती. "काय झालंय रे?" तिने विचारलं. मी वीट घेऊन वळलो आणि तेवढ्यात ऐकू आलं.

मोठा आवाज नव्हता. वाळकी काटकी मोडावी एवढाच. मग ट्रॅक्टर खाली निघाला.

इंजिन बंद होतं, पेटीत जाड काला होता, खाली गवत होतं. तो जाताना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. आधी माणूस चालतो एवढ्या वेगाने, मग जोरात. मी विटेसकट मागे पळालो. "उडी मारा," मी ओरडत होतो. "दाजी, उडी मारा." उतार लांब होता. सुरुवातीच्या वीस-पंचवीस हातांत उडी मारली असती तर खरचटण्यापलीकडे काही झालं नसतं. माझा आवाज त्यांना ऐकू गेला. मागे वळून माझ्याकडे पाहिलंही. मग ते पुढे वळले आणि दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून गादीवरून अर्धवट उठून उभे राहिले, सगळं वजन पायावर टाकून. त्यांचा त्या ब्रेकवर विश्वास होता. ट्रॅक्टर मी परवाच दुरुस्त करून दिला होता.

ब्रेक लागलेला होता. नंतर पेटी उघडली तेव्हा मी पाहिलं, ब्रेकची पट्टी दांड्याला अशी आवळून बसली होती की पान्याने सोडवावी लागली. तिने आपलं काम केलं होतं.

त्यांना भिंतीपासून बाजूला काढायला चार माणसं लागली. आरोग्यधामातले डॉक्टर धावत आले, गवतात बसले, मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ ते सोडलं नाही. मग सोडलं.

दुपारी फाटकाजवळच्या त्या दोन खोल्यांत पोलिसांचा माणूस आला. वयस्क होता, बोलायला बरा होता. व्यवस्थापक दारात उभा होता, आत यावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. ताई पलंगावर बसली होती. सकाळपासून तिने माझा हात धरला होता तो तसाच होता. ती अजून रडली नव्हती.

"यंत्र फार जुनं होतं," व्यवस्थापक म्हणाला. "मी काकांना कितीदा म्हणालो होतो. आवाज यायचा त्यातून. आणि मला वाटतं ज्याने कुणी दुरुस्त केलं, त्याने..."

"त्याला काही बोलू नका," ताई म्हणाली.

पोलिसाने वहीतून मान वर केली. "आवाज येत होता का, बाई?"

"येत होता. पण माझ्या भावाने शनिवारी पूर्ण बंद करून दिला होता. सगळी कामं बाजूला ठेवून." तिने माझा हात आणखी घट्ट धरला आणि दाराकडे बघत म्हणाली, "याच्या हातचं काम आहे. तुम्हीच म्हणालात ना काल, गाडी चांगली चालतेय म्हणून? याने दुरुस्त केलं नसतं तर हे बसलेच नसते त्यावर."

पोलिसाने ते लिहून घेतलं. ती मला वाचवत होती, आणि मी गप्प राहिलो असतो तर वाचलोही असतो. दाजी काही सांगायला येणार नव्हते, आणि दोन बोल्टांची डोकी माझ्या खिशात होती, ती कुणाला ठाऊक नव्हती.

"ताई," मी म्हणालो, "मी दुरुस्त केलं नव्हतं. फक्त आवाज बंद केला होता."

तिला पहिल्यांदा कळलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी मी काही खोटं बोललो की बघायची तशी, आता खरं काय ते सांगेल म्हणून वाट बघत. मी खिशातून ती दोन डोकी काढून पलंगावर ठेवली आणि सगळं सांगितलं. जाड ऑइल सांगितलं, ट्रे पायाने सरकवला ते सांगितलं, ब्रेकचं सांगितलं आणि ते दाजींना का सांगितलं नाही तेही सांगितलं. पोलिसाचं लिहिणं कुठेतरी मधेच थांबलं होतं.

ताईने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने माझा हात सोडला, पदराने आपला हात पुसला, आणि पोलिसाला म्हणाली, "आधीचं मी सांगितलेलं खोडा."